किल्ली घरात, आपण अंगणात

एरवी या सदराला दीड रकाना मिळतो, आणि एखाद्या म्हणीची कुळकथा सांगेपर्यंत तो संपतो. दिवाळी अंकात मात्र संपादकांचा हात सैल असतो. म्हणून दोन महिने बाजूला ठेवलेले एक पत्र आज काढतो. साताऱ्याकडचे एक निवृत्त शिक्षक लिहितात, "माझ्या संगणकावर लिनक्स आहे. त्याची नवी आवृत्ती चढवायला घेतली, तो काम मध्येच थांबले. पडद्यावर पाच-पन्नास इंग्रजी ओळी धावल्या आणि अखेरीस 'एरर कोड १' असे आले. दुकानदार म्हणतो, फॉर्मॅट मारावा लागेल. आपण शब्दांचे मास्तर. या शब्दांचा अर्थ सांगाल काय?"

आता शब्दांचे मास्तर म्हणूनच विचारले आहे, तेव्हा आरंभ शब्दापासून करू. संगणक सुरू होण्याला 'बूट होणे' म्हणतात. या बुटाचा पायातल्या बुटाशी संबंध आहे, हे ऐकून पुष्कळांना गंमत वाटेल. बूट पायात ओढून चढवण्यासाठी त्याला वर चामड्याचा पट्टा असतो. तो पट्टा धरून स्वतःच स्वतःला जमिनीवरून उचलणे, असा इंग्रजीत अशक्य गोष्टीचा एक दाखला आहे. आपल्याकडच्या शास्त्रकारांनी तीच गोष्ट निराळ्या तऱ्हेने सांगितली आहे. नट कितीही कसबी असो, त्याला स्वतःच्याच खांद्यावर चढता येत नाही. संगणकाला मात्र दररोज सकाळी हा खेळ करून दाखवावा लागतो.

अडचण अशी. संगणक चालवणारी सगळी विद्या त्याच्या डिस्कवर ठेवलेली असते. पण ती डिस्क वाचण्याचीही एक विद्या लागते, आणि ती विद्या त्या डिस्कवरच असते! किल्ली घरात आणि आपण अंगणात, असा हा प्रकार. त्यात जगात डिस्कांच्या जाती अनेक, त्यांना जोडणारी यंत्रे अनेक, त्यांवर मजकूर मांडण्याच्या पद्धतीही अनेक. या साऱ्यांची माहिती लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे ज्याला कर्नल म्हणतात त्यात, कोंबली तर तो गाभा अगडबंब होईल. म्हणून करणाऱ्यांनी एक युक्ती काढली. गाभा आटोपशीर ठेवायचा, आणि त्याच्याबरोबर पहिल्या पल्ल्यापुरते सामान एका छोट्या गाठोड्यात बांधून द्यायचे. या गाठोड्याला 'इनिटरॅमएफएस' असे दाताखाली खडा यावा तसे नाव आहे. कोणी त्याला बूट इमेज म्हणतात. मी त्याला शिदोरी म्हणणार आहे. कारण काम तेच. घरच्या स्वयंपाकघरात पोचेपर्यंत वाटेत जे लागेल ते.

यंत्राचे बटण दाबले की आधी 'ग्रब' नावाचा एक दारवान जागा होतो. तो गाभा आणि शिदोरी या दोघांना उचलून स्मृतीत आणून ठेवतो. गाभा शिदोरी सोडतो, तीत डिस्कची विद्या असते ती घेतो, डिस्कला कुलूप असेल तर आपल्याला परवलीचा शब्द विचारतो, खरे घर उघडतो आणि मग शिदोरीचे फडके झटकून टाकतो. हे सगळे काही सेकंदांत होते. शिदोरी नसेल, तर गाभा जागा होतो आणि दाराशीच खाली बसतो. 'मूळ फाइल-व्यवस्था जोडता येत नाही' अशा अर्थाची एक इंग्रजी ओळ पडद्यावर उमटते, आणि तिच्या आरंभी 'कर्नल पॅनिक' हे शब्द असतात. पॅनिक गाभ्याला होते की मालकाला, याबद्दल मतभेद होऊ शकतील.

नवी आवृत्ती चढवताना नवा गाभा येतो, आणि प्रत्येक गाभ्याची शिदोरी वेगळी. ती बाहेरून तयार येत नाही. आपल्याच यंत्रावर, आपल्याच संरचनेच्या फाइली वाचून, त्या वेळी बांधली जाते. म्हणूनच अपडेटमधले पुष्कळसे तंटे या गाठोड्यापाशी होतात. भात शिजलेला असतो, पोळ्या झालेल्या असतात, आणि फडके सापडत नाही.

आता एक घडलेली गोष्ट सांगतो, म्हणजे पत्रलेखकांच्या प्रश्नाचे उत्तर आपोआप येईल. आमच्या मराठी विभागात एक संगणक आहे. त्यावर डेबियन नावाचे लिनक्स आहे. १९९३ साली इयान मर्डॉक नावाच्या तरुणाने हा उद्योग सुरू केला आणि आपल्या मैत्रिणीचे डेब्रा हे नाव व स्वतःचे नाव जोडून 'डेबियन' हा शब्द घडवला. समास कोणता, हा प्रश्न मी दरवर्षी प्रथम वर्षाला घालतो. या डेबियनच्या आवृत्त्यांना 'टॉय स्टोरी' या बोलपटातल्या खेळण्यांची नावे देतात. 'बुकवर्म' ही २०२३ ची. तिच्यानंतरची 'ट्रिक्सी' २०२५ च्या ९ ऑगस्टला, म्हणजे आपल्या क्रांतिदिनी, बाहेर पडली.

त्या संगणकात काय आहे, हेही सांगितले पाहिजे. आमच्या विद्यार्थिनी गेली काही वर्षे आपापल्या गावच्या म्हाताऱ्यांकडून जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित करून आणतात. जाते आता बहुतेक घरांत परसात पडलेले असते. कुणी त्यावर तुळस लावली आहे. पण खुंटा हातात दिला की बायांना ओवी आठवते, असा अनुभव आहे. या म्हाताऱ्यांपैकी काही आता नाहीत. त्यांचा आवाज त्या डिस्कवर आहे. सासर-माहेरच्या पुष्कळ खाजगी गोष्टी ओव्यांत येतात, म्हणून ती डिस्क कुलूपबंद केलेली आहे. जुन्या मुद्रणांच्या नकला दुसरीकडे आहेत. त्या आठवड्यात आलेली मात्र अजून याच यंत्रावर होती.

देखभालीचे कंत्राट ज्यांच्याकडे आहे ते गृहस्थ एका दुपारी आले आणि त्यांनी बुकवर्मवरून ट्रिक्सीवर जायचे काम सुरू केले. तासाभराने मला तासावरून बोलावणे आले. पडद्यावर ओळींचा खच पडला होता आणि खाली तोच एरर कोड १.

"सर, हे गेलं," गृहस्थ म्हणाले. "फॉर्मॅट मारून टाकतो. तासाभरात नवं करून देतो."

मराठीत मारणे या क्रियापदाचा व्याप मोठा आहे. आपण शेरा मारतो, दांडी मारतो, गप्पा मारतो, आणि यांपैकी कशातही कोणी मरत नाही. फॉर्मॅट मारणे हा एकच प्रयोग असा आहे की त्यात खरोखर काहीतरी मरते.

माझ्याबरोबर तृतीय वर्षाची एक विद्यार्थिनी होती. तिच्या आजीच्या ओव्या त्या आठवड्यातल्याच. ती म्हणाली, "सर, शेवटची ओळ वाचून काय कळणार? वर जाऊन पाहू या ना."

हे वाक्य मला वर्गात ऐकायला मिळाले असते तर मी तिला पुस्तक बक्षीस दिले असते. जुन्या पोथ्यांचे काम ज्यांनी केले आहे त्यांना ठाऊक आहे, की बिघाड दिसतो एका ओळीत आणि घडलेला असतो दहा ओळी आधी. नकलाकाराचा डोळा एका ठिकाणी चुकतो, मग पुढचा अर्थ जुळावा म्हणून तो स्वतःच्या पदरचे शब्द घालतो, आणि त्यावरून नक्कल करणारा आणखी घालतो. एकनाथांनी १५८४ साली ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती मागच्या प्रती पाहत जाऊनच.

आम्ही पडदा वर सरकवीत गेलो. खालून वर असे दिसले. सर्वात खाली 'अ‍ॅप्ट' म्हणतो, माझ्या हाताखालच्या डीपीकेजीने १ हा आकडा दिला. डीपीकेजी म्हणतो, इनिटरॅमएफएस-टूल्स या पुडक्याची मांडणी पुरी झाली नाही, त्याने १ दिला. ते पुडके म्हणते, शिदोरी बांधणारा अयशस्वी झाला. आणि त्याच्याही वर, कोणाचे लक्ष जाणार नाही अशा जागी, गाठोडे आवळणाऱ्या 'झेडएसटीडी'ची एकच ओळ होती. यंत्रावर जागा शिल्लक नाही.

सरकारी कचेरीत फाइल वर चढते तशी ही गोष्ट आहे. शिपाई सांगतो की कपाट भरले आहे, कागद ठेवायला जागा नाही. कारकून त्यावर लिहितो, 'काम झाले नाही.' हेडक्लार्क लिहितो, 'वरीलप्रमाणे.' साहेबांच्या टेबलावर येईपर्यंत कपाटाचा उल्लेख गळून गेलेला असतो आणि उरतो तो नकाराचा शिक्का. एरर कोड १ म्हणजे हा शिक्का. त्याचा अर्थ 'नाही' एवढाच. का नाही, ते शिपायाला विचारावे लागते. साताऱ्याच्या गुरुजींनी विचारलेल्या शब्दाचा अर्थ हा असा आहे. पडद्यावरच्या ओळी वाहून गेल्या असतील तरी हरकत नाही. 'व्हार, लॉग, अ‍ॅप्ट' अशा उतरंडीत 'टर्म.लॉग' नावाची फाइल असते, तीत त्या शब्दशः लिहून ठेवलेल्या असतात.

पण डिस्क तर निम्मी रिकामी होती! कंत्राटदार गृहस्थांनी तेच दाखवले आणि संदेश खोटा ठरवला. संदेश खोटा नव्हता. डिस्क कुलूपबंद असली, की दारवानाला गाभा आणि शिदोरी काढता यावी म्हणून डेबियनचा मांडणीकार कुलपाबाहेर एक छोटी वेगळी खोली ठेवतो. तिचे नाव 'बूट'. घर मोठे असले तरी ओसरीवरचे कोनाडे लहानच. 'डीएफ' ही आज्ञा त्या खोलीपुरती दिली तेव्हा कळले, की खोली ४८८ मेगाबाइटांची आणि शिल्लक ३१. आत पाच जुने गाभे आपापल्या शिदोऱ्यांसह मुक्काम ठोकून होते. एकेका जोडीला सुमारे ९० मेगाबाइट. पाहुणे जेवून गेले तरी त्यांची पाने कोणी उचलली नव्हती.

शिवाय शिदोरी पुन्हा बांधायची असते तेव्हा यंत्र जुनी आधी सोडत नाही. नवी शेजारी बांधून होते आणि मग जुनीच्या जागी जाते. हा शहाणपणा आहे, पण त्यासाठी तेवढी जागा मोकळी हवी. डेबियनवाल्यांनी ट्रिक्सीबरोबरच्या सूचनापत्रात हे स्पष्ट लिहिले आहे. जुन्या काळी यंत्र मांडले असेल तर बूटची खोली निदान ७६८ मेगाबाइटांची असावी आणि तीत सुमारे ३०० मोकळे असावेत. ती पत्रिका आधी वाचणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. औषधाच्या बाटलीतला कागद आपण जिथे टाकतो तिथेच तीही जाते.

यात एक दिलासा होता. यंत्र अजून चालू होते. जुना गाभा स्मृतीत होता आणि जुनी शिदोरी जागेवर होती. नवी बांधायला जमली नाही, एवढेच झाले होते. अशा वेळी सर्वात वाईट उपाय म्हणजे बटण दाबून 'एकदा बंद करून पाहू' म्हणणे. गृहस्थांचा हात तिकडे गेलाच होता. मुलीने त्यांना चहा आणायला पाठवले की ते आपण होऊन गेले, हे मला नीट आठवत नाही, पण ते गेले हे बरे झाले. आम्ही पहिले काम केले ते यंत्र चालू आहे तोवर त्या आठवड्याच्या ओव्या एका बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेण्याचे.

मग खोली रिकामी करायला घेतली. आधी 'युनेम' ही आज्ञा 'आर' या खुणेसह देऊन आत्ता कोणता गाभा चालू आहे ते विचारले. तो ६.१ च्या कुळातला निघाला. तो आणि नवा ६.१२ वाला, या दोघांना हात लावायचा नाही, असे ठरवले. चालू गाभा पुसणे म्हणजे बसल्या फांदीवर कुऱ्हाड. उरलेल्यांपैकी सर्वात जुने तीन काढले. येथे एक पथ्य आहे. बूटच्या खोलीत शिरून फाइली हाताने पुसू नयेत. तसे केले तर यंत्राच्या वहीत त्या गाभ्यांची नावे तशीच राहतात आणि पुढच्या खेपेला ते त्यांच्यासाठीही शिदोरी बांधायला बसते. गाभा ज्या पुडक्यातून आला ते पुडकेच 'पर्ज' करावे. मग त्याची शिदोरीही त्याच्याबरोबर जाते आणि वहीतली नोंदही. अ‍ॅप्ट अशा अर्धवट अवस्थेत कुरकुर करतो. तेव्हा खालच्या डीपीकेजीला 'पर्ज' सांगितले तर तो ऐकतो.

३१ चे ३०० झाले. नंतर डीपीकेजीला 'कॉन्फिगर' आणि पुढे 'ए' अशी खूण देऊन म्हटले, अडलेली सगळी कामे पुरी कर. हा 'ए' म्हणजे 'ऑल'. या आज्ञा रोमन लिपीत टंकायच्या असतात आणि त्यांतल्या आडव्या रेघांना फार महत्त्व असते, हे नवख्यांनी लक्षात ठेवावे. आपल्याकडे अनुस्वारावरून वाद झाले, तिकडे रेघांवरून होतात. या खेपेला शिदोरी बांधून झाली आणि खोळंबलेली वऱ्हाडी मंडळी भराभर पुढे सरकली. राहिलेली आवृत्तीही चढली.

तरी ओळींमध्ये दोन-चार ठिकाणी 'डब्ल्यू' अक्षर दिसत होते. हे अक्षर आणि 'ई' यांतला भेद ओळखता आला तरी पुष्कळ आहे. ई म्हणजे चूक, काम थांबले. डब्ल्यू म्हणजे इशारा, काम झाले पण लक्ष असू द्या. इशाऱ्यांतही प्रती असतात. अमुक फर्मवेअर सापडत नाही, असा इशारा पुष्कळदा आपल्या यंत्रात नसलेल्याच भागाबद्दल असतो. ज्याच्या घरी घोडा नाही त्याला नालाची आठवण करून देण्यासारखे. भाग आपल्याकडे आहे की नाही एवढे पाहावे आणि नसेल तर सोडून द्यावे.

दुसरा इशारा मात्र सोडण्याजोगा नव्हता. तुमची संरचना 'रेझ्यूम' म्हणून अमुक जागा सांगते, पण तशी स्वॅपची जागा कुठे आढळत नाही, असे तो सांगत होता. संगणकाला गाढ झोपवायचे असले, की तो स्मृतीतला सारा पसारा 'स्वॅप' नावाच्या जागेत लिहून ठेवतो आणि उठल्यावर तिथून उचलतो. उठल्यावर कुठे पाहायचे तो पत्ता शिदोरीत बांधलेला असतो. आमच्याकडे मागे केव्हा तरी कंत्राटातल्याच कोणी तो विभाग मोडून नव्याने आखला होता. जागेचे नाव बदलले, पण शिदोरीतला पत्ता जुनाच राहिला. त्यामुळे यंत्र रोज सकाळी उठून त्या नसलेल्या घराची कडी वाजवीत अर्धा मिनिट उभे राहायचे, आणि मग नाद सोडून कामाला लागायचे. आम्ही समजत होतो, यंत्र म्हातारे झाले!

याचा उपाय सोपा. 'इटीसी' मध्ये 'इनिटरॅमएफएस-टूल्स', त्यात 'कॉन्फ.डी', त्यात 'रेझ्यूम' नावाची एका ओळीची फाइल असते. 'बीएलकेआयडी' ही आज्ञा खऱ्या जागांचे खरे पत्ते सांगते. त्यातला योग्य पत्ता तिथे लिहावा. आम्हाला यंत्र गाढ झोपवायचे नव्हते, म्हणून आम्ही पत्त्याच्या जागी 'नन' लिहिले. पण फाइल बदलली म्हणजे काम झाले असे नाही. बांधलेल्या गाठोड्यात जुनीच चिठ्ठी असते. 'अपडेट-इनिटरॅमएफएस' ही आज्ञा 'यू' या खुणेसह देऊन शिदोरी पुन्हा बांधावी लागते. या खेपेला तो इशारा आला नाही. शंका असेल त्याने 'एलएसइनिटरॅमएफएस' या आज्ञेने गाठोड्यात काय काय आहे ते न सोडता पाहावे.

चहा घेऊन आलेल्या गृहस्थांनी एक सूचना केली, ती मात्र माहितगाराची होती. शिदोरीच्या संरचनेत 'मॉड्यूल्स' अशी एक ओळ असते. तिथे बहुधा 'मोस्ट' लिहिलेले असते, म्हणजे नाना जातींच्या यंत्रांची विद्या बरोबर घ्या. तिथे 'डेप' लिहिले तर याच यंत्रापुरते सामान बांधले जाते आणि गाठोडे पुष्कळ लहान होते. मला ती सूचना पटली नाही. उद्या हे यंत्र जळले आणि डिस्क दुसऱ्या यंत्रात घालायची वेळ आली, तर त्या नव्या घराची किल्ली शिदोरीत नसण्याचा संभव. जागा वाचवायची तर जुने गाभे वेळच्या वेळी काढावेत. त्यासाठी 'ऑटोरिमूव्ह' आहे. ते चालू गाभा सोडून बाकीची अडगळ स्वतः ओळखते.

गुरुजींचे यंत्र बंद करून झाले असेल आणि आता दाराशीच बसले असेल, तर त्यांनी ग्रबच्या यादीत 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स' या ओळीवर जावे आणि जुना गाभा निवडावा. बहुतेक वेळा यंत्र त्याच्यावर उठते, आणि मग वरचे सगळे आत बसून करता येते. तोही उठत नसेल, तर लिनक्स भरलेला यूएसबीचा काडीसारखा तुकडा लावून त्यावरून यंत्र सुरू करावे. मग मूळ डिस्कचे कुलूप उघडून ती जोडावी, बूटची खोलीही तिच्या जागी जोडावी आणि 'सीएचरूट' करून तिच्या आत शिरावे. मग शिदोरी तिथून बांधावी. हे काम जरा किचकट आहे, जाणत्याला शेजारी बसवावे. पण तो जाणता फॉर्मॅटवाला नसावा.

आमच्याकडे अखेर बूटच्या खोलीत प्रत्येक गाभ्यासमोर त्याची शिदोरी आहे की नाही ते मुलीने बोट ठेवून मोजले. गाभे तीन, शिदोऱ्या तीन. 'अपडेट-ग्रब' देऊन दारवानाला नवी यादी दिली आणि मगच यंत्र बंद करून सुरू केले. परवलीचा शब्द विचारला गेला. अर्ध्या मिनिटाचे ते कडी वाजवणे नाहीसे झाले होते. मुलीने आजीची फाइल उघडली. आधी जात्याची घरघर ऐकू आली, आणि आवाज लागायच्या आधी म्हातारी कोणाला तरी म्हणत होती, की पीठ जरा बाजूला सार.

कंत्राटदार गृहस्थांनी खिशातून डायरी काढली आणि विचारले, "सर, ती पर्जची आज्ञा काय होती? रेघा एक की दोन?"